लेकीचा तास

दिवेलागणीच्या वेळी घराची खरी ओळख पटते. दिवसभर पांगलेली माणसे त्या वेळी एका छपराखाली येतात. कोणी थकून येतो, कोणी भुकेला येतो, तर कोणी शाळेतील काही गंमत सांगण्यासाठी आतुर होऊन येतो. अशा वेळी कोणाच्या हाकेला कोण उठते आणि कोण बसून राहते, एवढे जरी शांतपणे पाहिले, तरी त्या घरात कोणाच्या वेळेला किती मोल आहे हे कळून येते. मुलगी शिकावी असे आज बहुतेक आईवडिलांना मनापासून वाटते. परंतु मुलगी शिकावी असे वाटणे निराळे आणि तिला शिकण्यास वेळ मिळेल अशी घराची घडी बसवणे निराळे. पहिली गोष्ट इच्छेची आहे. दुसरी रोजच्या वागण्याची आहे.

तालुक्याच्या गावातील एक घर डोळ्यांपुढे आणावे. वडील एस.टी.त वाहक, आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी, घरात वृद्ध आजी, सातवीत शिकणारी मुलगी आणि पाचवीत शिकणारा तिचा भाऊ. घर प्रेमळ आहे. मुलीची शाळा दूर आहे म्हणून वडिलांनी तिला नवी सायकल घेऊन दिली. स्वतःच्या चपलांना मात्र तिसऱ्यांदा टाके घातले. तिची वह्यापुस्तके जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच घरात येतात. या घरात मुलीला कोणी कमी लेखते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही त्या घरातील एक संध्याकाळ पाहण्यासारखी आहे. साडेपाच वाजता मुलगी शाळेतून येते. हातपाय धुऊन ती चार घास खाते न खाते, तोच नळाला पाणी येते. आजी हाक मारते, "पाणी आलं गं! आधी पिण्याचं भरून घे." पाणी भरून ती वही उघडते, तेवढ्यात आई म्हणते, "बाळ, एवढी मेथी निवडून दे." मेथी निवडून होते, तर तेल संपलेले असते. दुकानातून तेल येते, तर पाने घ्यायची वेळ झालेली असते. प्रत्येक काम लहान आहे. कोणतेही काम अवघड नाही, अपमानाचे नाही आणि कोणीही ते रागावून सांगत नाही. मुलीचा वेळ हिरावून घ्यावा असे त्या घरात कोणीच ठरवलेले नाही. भरलेल्या पोत्याला बारीकसे छिद्र पडावे आणि दाणा दाणा सांडत पोते रिकामे व्हावे, तशी तिची संध्याकाळ हाकाहाकांनी रिकामी होते.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. अपूर्णांकांच्या चाचणीत तिला २० पैकी ६ गुण मिळाले. वडील रागावले नाहीत, पण दुखावले. "तुला काय कमी केलं आम्ही? लक्ष कुठे असतं तुझं?" असे त्यांनी विचारले. मुलगी काही बोलली नाही. तिच्याजवळ उत्तर नव्हते. आपण मुळातच मठ्ठ आहोत, गणित आपल्याला येणारच नाही, असे तिला मनातून वाटू लागले होते. गुण कमी पडले तर पुढच्या चाचणीत भरून काढता येतात. परंतु बाराव्या वर्षी स्वतःविषयी झालेला असा समज पुष्कळदा जन्मभर पुसला जात नाही. या गोष्टीतील खरी हानी ती आहे.

पुढे शाळेतून एक साधा गृहपाठ मिळाला. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा आपला आणि घरातील आणखी एका व्यक्तीचा वेळ कसा जातो, ते मिनिटांत मांडून आणायचे होते. मुलीने साडेपाच ते नऊ अशा २१० मिनिटांचा हिशेब लिहिला. हातपाय धुणे व खाणे २०, पाणी भरणे ३०, केर काढणे १५, भाजी निवडणे २०, दुकानातून सामान आणणे २०, भावाला दूध देणे व त्याचे दप्तर आवरणे १०, पाने घेणे व वाढणे २०, जेवण २०, भांडी ३०. उरली २५ मिनिटे, आणि तीही तीन तुकड्यांत. शेजारच्या रकान्यात तिने भावाचा हिशेब लिहिला. हातपाय धुणे व दूध पिणे २०, खेळ ७५, अभ्यास ६०, दूरदर्शन पाहणे ३०, जेवण २०, बाबांना पाण्याचा तांब्या देणे ५.

वहीवर पालकांची सही हवी होती. वडिलांनी सही करण्यासाठी पेन उघडले आणि ते तसेच थांबले. ते पेशाने वाहक. दिवसाच्या शेवटी आगारात रुपया न् रुपया जुळवून देणारे. तिकिटांच्या हिशेबात त्यांच्याकडून कधी तूट आली नव्हती. मात्र घरातील ही तूट त्यांच्या नजरेला कधी पडली नव्हती. कारण तिची नोंदच कोणी ठेवत नव्हते. ज्याची नोंद नसते, त्याचा विचारही होत नाही.

ही एका घराची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. भारत सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरील सर्वांचा तीत समावेश होता. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया १०० पैकी सुमारे ८१ होत्या आणि पुरुष सुमारे २६. ती कामे करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यांत जात होती; पुरुषाची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे होते. म्हणजे स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण तो पुरुषाने उचलला असे दिसत नाही. त्याचीही मिनिटे घटलीच. २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. शाळेचा जवळजवळ एक दिवसच म्हणावा.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मुलीने घरातले काम शिकू नये काय? पुढे तिचे कसे होईल? त्या घरातील आजीही हेच म्हणाली, "पोरीच्या हाताला कामाचं वळण हवं." आजीच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याला स्वतःचे जेवण रांधता येत नाही, स्वतःचे ताट घासता येत नाही, तो कितीही शिकलेला असला तरी परावलंबीच होय. काम हाताला शिस्त लावते आणि दुसऱ्याच्या कष्टांची जाणीव देते. परंतु हे सर्व खरे असेल, तर ते मुलाच्या बाबतीतही खरे असले पाहिजे. भूक मुलाला लागते, ताट मुलाचे उष्टे होते, केर मुलाच्याही पायांनी घरात येतो. कामाचे वळण चांगले असेल, तर ते दोघांना द्यावे; आणि ते ओझे असेल, तर एकटीवर लादू नये. आक्षेप कामाला नाही. एकाच्या वाट्याला सारे काम आणि दुसऱ्याच्या वाट्याला सारा वेळ, या वाटणीला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मुलीने काम सोडले, तर ते आईवर पडेल. ती पहाटे साडेपाचला उठते, दिवसभर शिवणयंत्रावर वाकते आणि रात्री सर्वांच्या मागून आडवी होते. तिचा भार वाढवून मुलीला पुस्तक देणे हा न्याय कसा म्हणावा?

या प्रश्नाच्या संदर्भात पंडिता रमाबाईंच्या बालपणाची आठवण होते. रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रीला संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. परंतु लोकांचा विरोध पत्करून त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. रमाबाई सुमारे आठ वर्षांच्या झाल्या, तेव्हा वडील वृद्ध झाले होते आणि मुलीला शिकवण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले. पण आईला वेळ कोठे होता? घरात विद्यार्थी आणि पाहुणे यांचा राबता असे. तेव्हा लक्ष्मीबाईंनी दिवस उजाडण्यापूर्वीचा वेळ शोधून काढला. झोपेने जड झालेल्या लेकीला त्या गोंजारून उठवीत आणि रानातले पक्षी जागे होऊन किलबिलू लागत, तेव्हा मायलेकींचा पाठ चाललेला असे. हातात पुस्तकही नसे. आईच्या तोंडून ऐकायचे आणि म्हणायचे. पहाटेच्या त्या पाठांवर पोसलेली मुलगी पुढे १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरवली गेली. स्त्रियांच्या शिक्षणासाठी तिने १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन केले.

लक्ष्मीबाईंची थोरवी शब्दांत मावणारी नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या झोपेतून लेकीसाठी वेळ काढला. परंतु जे एकेकाळी नाइलाजाने करावे लागले, ते आजही तसेच चालू ठेवणे म्हणजे त्या माउलीचा गौरव नव्हे. आज घराघरांत धडधाकट हात आहेत. लेकीचा तास आईच्या झोपेतून काढण्याचे कारण उरलेले नाही. तो सर्वांच्या हातांतून निघाला पाहिजे.

त्या घरात पुढे काय घडले, ते सांगण्याजोगे आहे. त्यात चमत्कार मात्र काही नाही. वडिलांनी वहीवर सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून, कामावरून वेळेत परतले की, पाणी भरण्याचे काम स्वतः घेतले. मुलाच्या वाट्याला केर काढणे, दुकान आणि आपले दप्तर आले. पहिल्या दिवशी त्याने केर दाराआड लोटून ठेवला आणि दुकानातून तेलाऐवजी साबण आणला. जेवल्यावर ज्याने त्याने आपले ताट घासावे असे ठरले, तेव्हा वडिलांचे ताट नीट निघाले नाही म्हणून मुलीला हसू आवरेना. मुलगीही कामातून सुटली नाही; भाजी निवडणे आणि पाने घेणे तिच्याकडे राहिले. मात्र साडेसहा ते साडेसात हा तास तिचा ठरला. त्या तासात तिला कोणी हाक मारायची नाही, असा घरात नियम झाला.

नियम करणे सोपे, पाळणे कठीण. चारच दिवसांनी आजीने सवयीने हाक मारली आणि मुलगीही सवयीनेच उठली. तेव्हा पाचवीतला भाऊ म्हणाला, "ताई, तू बस. तुझा तास आहे." लहानसे वाक्य, पण घराची घडी बदलते ती अशाच वाक्यांनी.

पुढच्या चाचणीत मुलगी वर्गात पहिली आली नाही. तिला २० पैकी १३ गुण मिळाले. पण चुकलेल्या उदाहरणांत आपण छेद सारखे करण्यास विसरलो, हे तिचे तिला उमगले. आपण मठ्ठ नाही, आपल्याला वेळ मिळत नव्हता, एवढे कळणे हीच मोठी कमाई. ज्याला आपली चूक दिसते, त्याला पुढची वाटही दिसते.

आणि आजी? आजी दुसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटली होती. तिला अक्षरे येतात. पण जोडाक्षरापाशी ती अडते. एके संध्याकाळी मुलगी मराठीचा धडा मोठ्याने वाचत होती. आजी जपमाळ हातात घेऊन जवळ बसली. जपमाळ तशीच राहिली. आजी धडा ऐकत राहिली. तेवढ्यात शेजारीण दारात येऊन मोठ्याने बोलू लागली, तशी आजीने ओठांवर बोट ठेवले आणि हलक्या आवाजात म्हटले, "जरा हळू बाई. पोर वाचते आहे."

प्रत्येक घराने असा एक तास राखून ठेवावा. त्यासाठी पैसा लागत नाही, मोठे घर लागत नाही, सरकारी हुकूमही लागत नाही. मुलाने उठून आपले ताट घासावे, वडिलांनी हंडा उचलावा आणि आपल्याला वेळ हवा आहे हे मुलीने नम्रपणे, पण न भिता सांगावे. सायकल, गणवेश, पुस्तके हे सारे मुलीला दिले आणि वेळ मात्र दिला नाही, तर दिवा आणून त्यात तेल न घातल्यासारखे होते.