गारगोटीच्या टेकड्यांतली सायकल शर्यत



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज एका सायकल शर्यतीविषयी सांगणार आहे. लगेच पान उलटू नका. ही शर्यत शेतरस्त्यांवरची आहे, आणि तिचा निकाल पायांतल्या ताकदीइतकाच जमिनीच्या जातीवर लागतो. तेव्हा विषय आपल्या शिवाराबाहेरचा नाही.

३ जून २०२३ चा शनिवार. आपल्याकडे सगळे मृगाकडे डोळे लावून बसले होते. रात्री बाराच्या सुमारास धाकट्या बहिणीचा फोन आला. अशा अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होते. ती म्हणाली, "दादा, तिकडं दुपारचा दीड वाजलाय आणि पोरगं अजून ठाण्यावर आलं नाही. सूनबाई कधीची वाट बघतीय, फोनही लागत नाही. चांगली नोकरी असताना ह्याला चिखलात सायकल मारायची काय अवदसा आठवली, तूच सांग."

हा माझा भाचा. परभणी जिल्ह्यातल्या काळ्या रानात वाढला, कृषी शाखेत शिकला आणि आता अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ज्वारीच्या संशोधनावर काम करतो. ज्वारी म्हटल्यावर नवल वाटून घेऊ नका. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी पिकते ती कॅन्ससमध्येच. तिथे ती जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते हे ऐकून बहिणीने कानांवर हात ठेवले होते. असो.

त्या राज्याच्या पूर्व भागात एम्पोरिया नावाचे गाव आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आत. २००६ साली तिथून ३४ जण सायकली घेऊन आसपासच्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांच्या फेरीला निघाले, तीच या शर्यतीची सुरुवात. आता दर वर्षी मेअखेर किंवा जूनच्या आरंभी हजारो सायकलस्वार येतात. अर्ज इतके होतात की चिठ्ठ्या काढून नावे ठरवावी लागतात. २५ मैलांपासून ३५० मैलांपर्यंत निरनिराळी अंतरे असतात. पण लौकिक आहे तो २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर. आपल्या जुन्या मापाने शंभर कोस! सकाळी सहाला निघायचे आणि पहाटे तीनच्या आत गावात परत यायचे. पूर्वी शर्यतीच्या नावात तिथल्या मूळच्या कान्झा लोकांचे नाव होते. ते ज्या तऱ्हेने वापरले होते ते अनेकांना खटकू लागले, म्हणून २०२० मध्ये ते काढून 'अनबाउंड ग्रॅव्हल' असे नाव ठेवले.

आता जमिनीकडे येऊ. या मुलखाला फ्लिंट हिल्स म्हणतात, म्हणजे गारगोटीच्या टेकड्या. खाली चुनखडी आणि शेल यांचे थर, आणि चुनखडीच्या पोटात गारगोटी. पावसापाण्याने चुनखडी झिजते, गारगोटी झिजत नाही. ती माथ्यावर आणि उतारावर तशीच पसरून राहते. वरची माती पातळ. नांगर घालावा तर फाळ खडखडतो. वसाहत करायला आलेल्या लोकांनी भोवतालची कुरणे नांगरून गहू-मका केला, पण टेकड्यांवर त्यांचे काही चालले नाही. उत्तर अमेरिकेत एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची कुरणे होती. आज त्यातली चार टक्केही शिल्लक नाहीत, आणि जी आहेत त्यांतली बहुतेक याच टेकड्यांवर आहेत. नांगराने हात टेकले म्हणून गवत वाचले! १९९६ साली तिथे राष्ट्रीय संरक्षित कुरणही झाले. तिथले मुख्य गवत बिग ब्लूस्टेम. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते आपल्या मारवेल, ज्वारी आणि उसाच्या भाऊबंदांतले. भाचा म्हणतो की पाऊस चांगला झाला तर गवतात उभा माणूस दिसत नाही.

गवत आहे म्हणून गुरे आहेत. वसंतात तिथले पशुपालक कुरणे ठरवून पेटवतात. त्याने वाळके जळते, झुडपे दबतात आणि कोवळा फुटवा येतो. मग बाहेरून आणलेली वासरे उन्हाळाभर चरायला सोडतात. आपल्याकडे माळ पेटवणाऱ्यांनी यावरून लगेच आधार घेऊ नये. तिथे वारा, ओलावा, जाळपट्टा सगळे पाहून, शेजाऱ्याला कळवून जाळतात. आपल्याकडे बिडीचे थोटूक पुरते.

याच कुरणांमधून शर्यतीची वाट जाते. कॅन्ससमध्ये जमिनीची मोजणी एकेक मैलाच्या चौकोनांत झाली आणि पुष्कळ ठिकाणी त्या रेघांवरूनच रस्ते निघाले. रस्ता बांधावरून जातो, त्यामुळे कोणाचे रान मधोमध कापले जात नाही. तहसील कचेरीत शेतरस्त्याचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले सुख कळेल. आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे, तरी दोन हात पाणंदीसाठी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी नोकरीत पाहिले. टेकड्यांवर आल्यावर मात्र तिथलेही रस्ते वळणावळणाचे होतात. कुठे कुठे रस्त्यात आडवा खड्डा खणून त्यावर लोखंडी दांड्या टाकलेल्या असतात. त्यावरून गाडी जाते, पण जनावर पाय घालत नाही, त्यामुळे फाटकाची गरज पडत नाही. सायकलवाल्याने तिथे हँडल सरळ धरून न थबकता जायचे. ओल्या दांडीवर चाक तिरपे पडले की माणूस खाली.

रस्त्यावर टाकलेली खडीही तिथलीच, गारगोटीची धार असलेली. टायरची नक्षी तिला पुरून उरते, पण बाजू फाटते. म्हणून या शर्यतीत ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे, ट्यूब नसलेले टायर घालतात. आत पातळ चीक असतो, तो बारीक छिद्र आपोआप बुजवतो. मोठ्या छिद्रात रबराची वात कोंबायची. हवा कमी ठेवायची, म्हणजे चाक खड्यावर उसळत नाही. फार कमी केली तर रिम आपटते. बाहेरच्याची मदत फक्त ठरलेल्या ठाण्यांवर घेता येते. मध्ये काही मोडले तर आपले आपण बघायचे. त्यामुळे प्रत्येकाजवळ चेन तोडायचे अवजार, चेनचे जादा दुवे आणि पंक्चरचे सामान असतेच.

तुमच्या घरातले कोणी अशा शर्यतीला निघाले, मग ती कुठलीही असो, तर अंतराची भीती घालू नका. पाण्याची आणि मिठाची आठवण करा. जूनच्या उन्हात दिवसभर पायडल मारणाऱ्याने नुसते पाणी ढोसले तर अंगातले मीठ पातळ होऊन चक्कर येते. पाण्यात मीठ-साखर हवी, आणि भूक लागायच्या आधीच दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी पोटात जायला हवे. भाचा खजूर आणि शेंगदाण्याचे लाडू नेतो. आईच्या हातचे नव्हेत, पण चालतात म्हणे.

हे सगळे त्याने नीट केले होते. त्याला गाठले ते मातीने.

त्या टेकड्यांत काही रस्त्यांवर पाटी असते, की या रस्त्याची देखभाल जुजबी आहे, आपल्या जबाबदारीवर जावे. म्हणजे खडी नाही, नुसती चिकणमाती. कोरड्या दिवसांत असा रस्ता आपल्या गाडीवाटेसारखा टणक असतो. आदल्या रात्री पाऊस झाला की मग बघायला नको. २०१५ साली अशाच एका पट्ट्यात लोक मैलोगणती सायकल खांद्यावर घेऊन चालले होते. त्या वर्षी पहिल्या आलेल्यालाही सुमारे १४ तास लागले. २०२४ साली वाट बरीचशी कोरडी होती, तेव्हा लॅकलन मॉर्टन या ऑस्ट्रेलियन गड्याने सव्वानऊ तासांच्या आत ती पुरी केली. दोन्ही वर्षांची वाट एकच नव्हती, तरी चिखलाची किंमत यावरून कळते. २०२३ ला पुन्हा रात्री पाऊस झाला, आणि सुरुवातीच्या वीस किलोमीटरांच्या आतच चिखलाचा पट्टा आडवा आला.

चिकणमातीचा स्वभाव तुम्हांला मी काय सांगणार? अगदी कोरडी असली तर ढेकूळ निघते. पाणी साचून रबडी झाली तर ओघळून जाते. या दोहोंच्या मधली जी ओल, तिच्यात ती सर्वांत जास्त चिकटते. म्हणून आपण वाफशाची वाट पाहतो. वाफसा नसताना वखर घातला तर पास दिसेनाशी होते आणि बैल फुकट दमतात. सायकलचेही तेच. चाकावर थर चढतो, तो चाक आणि सांगाडा यांच्या फटीत बसतो, आणि त्यात गवताच्या काड्या व खडे मिसळले की चाक जाम. तरीही जोर लावला तर चेन अडकते आणि डिरेलर, म्हणजे चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग, ओढला जाऊन तारांत शिरतो. तो ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो ती मुद्दाम नरम ठेवतात, सांगाडा मोडण्याऐवजी पट्टी मोडावी म्हणून. रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टचा जो उपयोग, तोच हिचा. पण बोल्ट बदलायला आपण फार तर घरी जाऊन येतो. तिथे गावही जवळ नाही आणि दुकानही नाही.

जाणते लोक तिथे रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवतात. उतरायचे, चिखल खरवडायचा, सायकल उचलून रस्त्याकडेच्या गवतावरून चालायचे. चाक जमिनीवर टेकवून ढकलायचेसुद्धा नाही. कुंपणापलीकडे मात्र पाऊल टाकायचे नाही, कुरण दुसऱ्याचे असते.

माझ्या भाच्याला हे शिकवायला कोणी लागले नसते. लहानपणी पावसात शाळेतून येताना त्याने कितीदा तरी सायकल डोक्यावर घेतली आहे. पण त्या सकाळी शेजारून दोघे-तिघे चाक फिरवत पुढे गेले. त्याला वाटले, एवढा चढ निघेल. दहा-बारा पायडले मारली असतील. कडकन आवाज झाला आणि पट्टी मोडून डिरेलर लोंबू लागला.

जादा पट्टी त्याच्याकडे होती. पण मोटारीतल्या पेटीत! ती ठाण्यावर बायकोजवळ.

मग त्याने सायकल खांद्यावर घेऊन उरलेला चिखल पार केला, कोरड्या जागी बसून डिरेलर काढून टाकला, चेन तोडून आखूड केली आणि एकाच दातचक्रावर जोडली. एका गिअरवर ठाण्यापर्यंत निघाला. चढावर उतरून चालायचे, सपाटीवर पाय भिरभिरत फिरवायचे. चेन सारखी घसरत होती. टेकड्यांत फोनला रेंज नव्हती. इकडे बहीण देवापुढे बसली होती, आणि मी तिला दर तासाला "येईल, येईल" म्हणत होतो. पण मलाही झोप नव्हती. नाव नोंदवण्यापूर्वी त्याने मला विचारले होते आणि मी मोठ्या हौसेने हो म्हटले होते, हे मी त्या रात्री बहिणीला सांगितले नाही. आज इथे छापून येईल तेव्हा कळेलच.

आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले तेव्हा तो ठाण्यावर पोचला. तिथे संध्याकाळचे सहा. बायकोने पेटीतून पट्टी काढून हातात दिली. त्याने हिशेब केला: दोन-तृतीयांश वाट बाकी, पहाटे तीनची मुदत, डिरेलर वाकलेला. सायकल मोटारीवर चढवली. आईला फोन केला आणि सगळी हकीगत सांगितली. बहीण एवढेच म्हणाली, "वाफसा नव्हता तर उतरायचं नाही का?"

त्याला हे लागले. मला म्हणाला, "मामा, शर्यत सुटली त्याचं काही नाही. पण काळ्या रानातला मी, आणि मलाच ते कळू नये?" मी म्हटले, कळत होते, पण शेजारचा पुढे गेला ना! पेरणीच्या दिवसांत याच एका कारणाने ओल्या रानात पाभर घातलेली आणि पुढे दुबार पेरणी करावी लागलेली शेते मला नावानिशी आठवतात. ती नावे इथे घालत नाही.

त्या दिवाळीला तो गावी आला. परत जाताना बहिणीने चिवडा-लाडवांच्या डब्याखाली तिचे निंदणीचे लहान खुरपे कापडात गुंडाळून ठेवले. लाकडी पट्टी काय कामाची, म्हणाली. मोठ्या बॅगेतून ते विनातक्रार गेले. २०२४ ला त्याचे नाव पुन्हा निघाले. वाट कोरडी, त्यामुळे खुरप्याची गरजच पडली नाही. दोनदा टायर मात्र फाटला. तरी रात्री पावणेदोनला एम्पोरियाच्या बाजाररस्त्यावर पोचला. तेवढ्या रात्रीही लोक रस्त्याकडेला उभे राहून मागून येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होते, असे सूनबाईने सांगितले.

खुरपे अजून त्याच्या सायकलच्या पिशवीत असते. धार तेवढी कानशीने बोथट करून घेतली आहे, नाहीतर गारगोटीच्या आधी त्यानेच टायर फाडायचा.