हसा सोम ते गुरू, टरका शुक्रवारी!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातून सुटून, ट्रेनमध्ये चेंगरून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून तुम्ही एकदाचे घरी पोहोचता. फ्रेश होता, मसाला खिचडीचं पार्सल उघडता आणि रिमोट हातात घेता. पुढची चाळीस मिनिटं काय होतं? काहीही नाही! नुसतं खाली-वर, डावी-उजवीकडे. पोस्टर बघायचं, ट्रेलर बघायचा, ‘शी, नको’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. खिचडी गार, डोळे जड. शेवटी शंभरदा पाहिलेला तोच एपिसोड लावून घोरायला सुरुवात.

आमच्या घरी हा सीन रोजचा होता. माझी रूममेट आणि मी, दोघींचा मिळून रोजचा पाऊण तास मेन्यू वाचण्यात जायचा. म्हणजे आठवड्याला पाच तासांच्या वर! तेवढ्यात दोन थ्रिलर बघून वर चहा झाला असता. मग एके दिवशी आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला. सोम ते गुरू कॉमेडी, शुक्रवारी थ्रिलर. फंडा सिंपल आहे. कॉमेडीचा एपिसोड वीस ते तीस मिनिटांचा, जेवणाबरोबर संपतो आणि डोक्यात भुंगा न सोडता झोपू देतो. थ्रिलरला मात्र सलग दोन तास द्यावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरा उठायची मुभाही लागते. मंगळवारी रात्री एक वाजता खून बघून बुधवारी नऊच्या मीटिंगला बसून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते.

तर मंडळी, त्या कागदावरची ही यादी. जशीच्या तशी ढापलीत तरी हरकत नाही.

सोमवारचा डोस : ‘फॉल्टी टॉवर्स’. बीबीसीची मालिका. १९७५ मध्ये सहा एपिसोड, १९७९ मध्ये सहा, आणि खेळ खल्लास. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या जोडीने ती लिहिली आणि दोघांनी त्यात कामंही केली. पहिल्या सहाच्या वेळी दोघं नवरा-बायको होते, दुसऱ्या सहापर्यंत घटस्फोट झाला होता. तरी लिखाणात कुठे टाका उसवलेला दिसत नाही. समुद्रकाठचं एक छोटं हॉटेल आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्यावर आलेलं संकट आहे असं मानणारा मालक, एवढंच भांडवल. काही काही दुकानांत ‘आमची कुठेही शाखा नाही’ या पाटीखाली बसलेले काका आठवतात की नाही? हा त्यांचा विलायती भाऊ.

मंगळवारी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर आली, तेव्हा टीआरपीच्या शर्यतीत मागेच पडली आणि नंतर मात्र लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कफ परेडमधली उच्चभ्रू सासू आणि डिस्काउंटवर जीव टाकणारी मध्यमवर्गीय सून. आपण सगळे स्वतःला मायाच्या बाजूचे समजतो आणि सेल लागला की आपली मोनिशा होते! इंद्रवदन साकारणारे सतीश शाह २०२५ मध्ये गेले. त्यांचा हात केवढा मोठा होता हे पाहायचं असेल तर थोडं मागे, १९८४ च्या ‘ये जो है ज़िंदगी’पर्यंत जा. दर भागात नवं सोंग आणि दर वेळी माणूस वेगळाच.

बुधवारी ‘ऑफिस ऑफिस’, कारण बुधवारपर्यंत कुठल्या तरी खिडकीवर तुमचं काम अडलेलं असतंच. २००१ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर भागात नव्या कचेरीत जातो, आणि टेबलामागे दर वेळी तेच पाच जण वेगवेगळ्या हुद्द्यांवर बसलेले असतात. त्यात आपली आसावरी जोशीसुद्धा आहे. तेच चेहरे पुन्हा पुन्हा वापरणं हाच खरा जोक. कचेरी बदलली तरी आपला अनुभव कुठे बदलतो?

गुरुवार ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’साठी राखीव. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदेंनी केलेली ही मालिका २००१ पासून अल्फा मराठीवर आली. आज ती बघताना कुणी कुणाचा गळा कापत नाही, कट-कारस्थान नाही, तरी पुढचा भाग लावावासा वाटतो. आबा डायरी लिहितात आणि घरातल्या कुरबुरी मिटतात. घरापासून लांब राहणाऱ्यांनी जरा जपून बघा. मी दुसऱ्याच भागानंतर आईला फोन केला होता.

आता सगळ्यात आवडत्या मालिकेबद्दल. ती यादीत कुठल्याच वारी बसत नाही, म्हणून वेगळी सांगते. ‘द ऑफिस’. अमेरिकन नाही (तीही २००५ ते २०१३ झकास चालली), मूळ ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची. २००१ आणि २००२ मध्ये सहा-सहा एपिसोड, २००३ च्या नाताळात दोन भागांचा स्पेशल, की संपलं. मागून हशा नाही, म्हणजे कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. कागदाच्या कंपनीतला एक बॉस, डेव्हिड ब्रेंट, स्वतःला भयंकर विनोदी समजतो. आम्ही ती लावली ते दिवस वाईट होते. रूममेटच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती आणि ती रोज डब्यातली पोळी तशीच परत आणत होती. मला वाटलं, जरा हसेल. आणि पहिल्याच एपिसोडमध्ये हेड ऑफिसची बाई येऊन सांगते की दोनपैकी एक शाखा बंद होणार, माणसं जाणार. मी झटकन रिमोट उचलला. ती म्हणाली, ‘‘राहू दे. लाव पुढे.’’

चार रात्रींत बारा एपिसोड झाले. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ब्रेंटलाच काढतात, आणि इतके दिवस नुसते जोक मारणारा तो माणूस जोक सोडून नोकरीसाठी गयावया करतो. रूममेट रडली, मीही रडले, आणि मग रडताना आमचे चेहरे कसे दिसतायत यावर दोघी हसलो. पुढच्या आठवड्यात तिला पत्र आलंच. मालिकेने काही तिची नोकरी वाचवली नाही. पण त्या रात्री ती मला म्हणाली, ‘‘मी तिथे गयावया नाही केली.’’

असो. शुक्रवारकडे वळू.

हिचकॉक सस्पेन्स समजावताना एक उदाहरण द्यायचा. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. पंधरा सेकंदांचा धक्का. पण तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला तर त्याच फालतू गप्पांत पंधरा मिनिटं जीव टांगणीला! आता ‘फॉल्टी टॉवर्स’चा शेवटचा एपिसोड आठवा. हॉटेलात उंदीर मोकाट, समोर हेल्थ इन्स्पेक्टर, आणि उंदीर बिस्किटांच्या डब्यात. बॉम्बच की! फक्त फुटला की आपण किंचाळत नाही, हसतो. कॉमेडी आवडणाऱ्याला थ्रिलर आवडतोच, तो यामुळे.

पहिल्या शुक्रवारी हिचकॉकचाच ‘रिअर विंडो’ (१९५४). पाय प्लास्टरमध्ये अडकलेला फोटोग्राफर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीतली बिऱ्हाडं बघत बसतो आणि त्याला एका शेजाऱ्याचा संशय येतो. सोसायटीत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्या शुक्रवारी डबल धमाका. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) आणि रामगोपाल वर्माचा ‘कौन’ (१९९९). दोन्हींत पाऊस, घरात एकटी बाई, दारात अनोळखी माणूस आणि एकही गाणं नाही. तीस वर्षांच्या अंतराने एकाच परिस्थितीचं काय काय होऊ शकतं ते बघा. ‘कौन’मधला मनोज बाजपेयीचा अतिनम्र चिकटपणा आधी हसवतो, मग हसू घशात अडकतं. लिहिलाय अनुराग कश्यपने.

तिसऱ्या शुक्रवारी श्रीराम राघवन. ‘जॉनी गद्दार’ (२००७) मध्ये गद्दार कोण हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं, तरी शेवटपर्यंत नखं कुरतडत बसतो. म्हणजे पुन्हा टेबलाखालचा बॉम्ब. त्यानंतर ‘अंधाधुन’ (२०१८). आंधळेपणाचं सोंग घेणाऱ्या पियानोवाल्याची मूळ कल्पना एका फ्रेंच शॉर्टफिल्मची, पण गोष्ट घडते आपल्या पुण्यात. तब्बूकडे बघून कॉफी प्यायची की नाही याचा विचार कराल.

चौथ्याला ‘दृश्यम’. जीतू जोसेफचा मल्याळम (२०१३) आधी, निशिकांत कामतचा हिंदी (२०१५) नंतर. केबलवाला, शिक्षण चौथीपर्यंत, बाकी सगळी अक्कल सिनेमे बघून आलेली! ‘काय सारखं टीव्हीसमोर?’ म्हणणाऱ्या बाबांना मुद्दाम शेजारी बसवून दाखवा. कामतचाच ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) पाहिला नसेल तर महिन्याच्या पाचव्या शुक्रवारी तो. बँकेतला साधा माणूस माधव आपटे एक दिवस बिथरतो, एवढंच सांगते.

नियम तीनच. लाइट बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि आधी पाहिलेल्याने तोंडाला कुलूप, नाहीतर भांडी त्याने घासायची.

ता. क. : रूममेटला अडीच महिन्यांनी नवी नोकरी लागली. पगार थोडा कमी, ऑफिस छोटं. परवा जेवताना म्हणाली, नवा बॉस रोज मीटिंगमध्ये जोक मारतो आणि कुणीच हसत नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि गुरुवार असूनही टिपरेंना सुट्टी देऊन ‘द ऑफिस’ पहिल्यापासून लावली.