माशा मारा, पण कपाशीच्या विषाने नको

मंडळी, पावसाळा लागला की जऊळक्यात उकिरडे भिजतात, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते. मग कपाशीवर मारून उरलेलं औषध काही जण थेट गुरांच्या कोठ्यात फवारतात. हे थांबलंच पाहिजे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या शेतात. आपण तसलं विष दुधाच्या भांड्याशेजारी मारतो!

दुसरा रस्ता आपल्या ओळखीचाच आहे. पिकावरच्या किडीसाठी बिव्हेरिया आणि हुमणीसाठी मेटारायझियम आपल्याकडे वापरतात. या दोन्ही बुरशा घरमाशीलाही मारतात. बीजाणू माशीच्या अंगाला चिकटतो, तिथेच रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि साधारण आठवडाभरात माशी संपते. अमेरिकेत कोंबड्यांच्या शेडमधल्या माशांसाठी बिव्हेरिया बाजारातही आलं.

"आठवडाभर कोण थांबते?" असं कोणी तरी म्हणणारच. खरं आहे, बुरशी विषासारखी झटपट नाही. पण त्याच त्या विषाला माशा सरावतात, हे आपण दर हंगामात पाहतो. डोस वाढवत गेलो तर शेवटी कोण मरणार?

मात्र बुरशी म्हणजे जादू नाही. उन्हात बीजाणू मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी. ताज्या, तापलेल्या शेणात तिचा फारसा टिकाव लागत नाही. माशा रात्री बसतात त्या कोठ्याच्या भिंती आणि आढे ही खरी जागा. बुरशीनाशकाच्या पंपातून तर मुळीच नाही. आणि ज्यांच्याकडे रेशीम आहे त्यांनी बिव्हेरियाचं नावही काढू नये. 1835 मध्ये इटलीच्या बास्सी यांनी ही बुरशी ओळखली ती रेशीमकिड्यांच्या रोगातूनच. त्यांच्याच नावावरून तिला 'बॅसियाना' म्हणतात.

पिकाच्या पुड्यावरचा डोस कोठ्यात अंदाजाने वापरू नका. करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, अकोल्याचं कृषी विद्यापीठही लांब नाही. ग्रामपंचायतीने त्यांना लेखी विचारावं, ही माझी मागणी. सोबत उकिरडे वस्तीबाहेर हलवा, नाही तर बुरशी किती माशांना पुरणार? 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतो आहे. कोठा असलेल्या चार घरांनी तयारी दाखवली तरी सुरुवात होईल. कोण येतं, खाली नाव लिहा.