न फिरवल्यामुळे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायचे नाही म्हणून दम दिला. आता अक्षरे मोठी करून बसले आहे. विषय घोड्यांचा आहे. नेरूळला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि जन्मभर मराठी-इतिहास शिकवलेल्या बाईला घोड्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. आमच्या घरात ते म्हणून झालेले आहे. तरीही लिहिणार.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. धाकट्या नातीला घोड्यांचे वेड. दोन वर्षांपूर्वी चिरंजिवांनी एका मित्राबरोबर निम्म्या-निम्म्या खर्चात तिच्यासाठी एक घोडा घेतला. शर्यतीतून निवृत्त झालेला, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. रेसकोर्सवरचे त्याचे नाव लांबलचक आणि इंग्रजी होते, नातीने त्याचा चांदोबा केला. हा चांदोबा पनवेलच्या पुढे एका तबेल्यात ठेवलेला असतो. आपण दरमहा पैसे भरायचे, दाणा-वैरण, खरारा, लीद काढणे हे त्यांनी बघायचे, आणि शनिवार-रविवार जाऊन आपण रपेट करायची. विलायतेत याला लिव्हरी म्हणतात. तबेल्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण भांडण त्या एका तबेल्याशी नाही.

डिसेंबरात मी पहिल्यांदाच तिथे गेले. सकाळचे साडेदहा झाले असतील. एका रांगेत ठाणे, प्रत्येकाला अर्धे दार आणि दारावरून बाहेर आलेली तोंडे. चांदोबा मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवत होता, एका लयीत. मला वाटले, नातीला बघून आनंदाने डोलतोय. मी म्हटलेही तसे. नात म्हणाली, "आजी, तो डोलत नाहीये. याला वीव्हिंग म्हणतात. कंटाळलेले घोडे करतात असं." एवढे सांगून ती ब्रश आणायला गेली. मला मात्र आमच्या राणीच्या बागेतले जुने पिंजरे आठवले, ज्यांत प्राणी गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत असत.

तिथल्या व्यवस्थापकांना विचारले, याला मोकळा कधी सोडता? "काकू, आता थंडी आहे ना. थंडी सरली की सोडू." पावसाळ्यात? "तेव्हा चिखल असतो." आणि उन्हाळ्यात? "उन्हाचा त्रास होतो त्यांना." वर्षाचे तीनच ऋतू आपल्याकडे, आणि तिन्ही ऋतूंना कारण तयार! स्वार आला तर रिंगणात पाऊण तास, नाही आला तर मोतद्दार हाताला धरून दहा-पंधरा मिनिटे फिरवणार, बाकीचे तेवीस तास बारा फूट बाय बारा फूट. शेजारी कुंपण घातलेले छान मैदान आहे. तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, त्याचे वेगळे पैसे मिळतात.

थंडी म्हणजे किती, तर पनवेलला पहाटे पंधरा-सोळा अंश, फारच झाले तर बारा-तेरा. आणि सकाळी साडेदहाला मी स्वेटर काढून हातात घेतला होता. चांदोबाच्या अंगावर मात्र जाड झूल, आणि झुलीखाली हात घातला तर घाम.

गंमत पुढे आहे. तबेल्याच्या कुंपणापलीकडे कापणी झालेल्या भातखाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळीनंतर घाटावरून मेंढरे घेऊन ते कोकणात येतात आणि पावसाआधी परत वर जातात. कर्जत-खालापूरच्या रस्त्याला तुम्हीही पाहिले असतील. बरोबर चार-पाच बुटकी, दणकट घोडी, पाठीवर सगळा संसार, वर कोंबड्या बांधलेल्या. ही भीमथडीच्या वाणाची, भीमा-नीरेच्या खोऱ्यातली. मराठ्यांचे घोडदळ याच रक्ताच्या तट्टांवर उभे होते, हे मी तीस वर्षे चौथीच्या पोरांना शिकवले आणि ती तट्टे धनगरांकडे अजून आहेत हे मात्र मला निवृत्तीनंतर कळले! एक बाई दगडाच्या चुलीवर भाकऱ्या थापत होती. तिला विचारले, रात्री घोडी कुठे बांधता? "हितंच की." थंडीत? ती हसायलाच लागली. "घोडं काय माणूस हाय व्हय थंडी वाजायला?"

कुंपणाच्या एका बाजूला दवात उभी राहून निवांत चरणारी घोडी. दुसऱ्या बाजूला लाखाचा घोडा, झूल पांघरून मान हलवतोय. मी मधे.

आता तुम्ही म्हणाल, धनगराची तट्टे वेगळी, शर्यतीचा घोडा नाजूक. चिरंजीवही हेच म्हणाले. म्हणून मी वाचले. (डोळ्याचे डॉक्टर, क्षमा करा.) माणसाला उघड्या अंगाने पंचवीस-सत्तावीस अंशांखाली गारवा जाणवू लागतो, घोड्याचे तसे नाही. साधारण ५ ते २५ अंश हा त्याचा सुखाचा पट्टा धरतात, आणि कॅनडासारख्या ठिकाणी थंडीला सरावलेली घोडी शून्याच्या खूप खालीही मजेत राहतात. त्याच्या पोटातच शेगडी आहे. गवताचा चोथा मोठ्या आतड्यात आंबतो, त्यातून ऊब मिळते. म्हणजे थंडी वाजत असेल तर झुलीच्या आधी गवताची पेंढी द्यायला हवी. आणि हिशेब नीट लावला तर पनवेलच्या घोड्याचा शत्रू थंडी नाहीच, उकाडा आहे. पत्र्याच्या छपराखाली दार लावून ठेवणे ही थंडीपासूनची राखण नव्हे. शिवाय हे शर्यतीचे घोडे जन्मतात कुठे? पुण्याच्या आसपासच्या स्टडफार्मवर, आणि तिथे शिंगरे आईबरोबर मोकळ्या रानात धावतच वाढतात. चांदोबा दोन वर्षांचा होईपर्यंत उघड्यावरच होता. नाजूक त्याला आपण केले.

माझे माहेर शहादा तालुक्यातले. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला भरते, ऐन मार्गशीर्षात. तापीच्या काठी घोड्यांचा बाजार. खानदेशची थंडी काय असते ते मुंबईकरांना सांगून कळणार नाही, आम्ही पोरे वडिलांच्या घोंगडीत घुसून बघायचो. आणि घोडे उघड्यावर, ओळीने, नाकातून वाफा सोडत. एकाही व्यापाऱ्याने थंडी म्हणून घोडा घरात ठेवल्याचे मला आठवत नाही.

बरे, थंडीचे सोडा. बंद ठेवल्याने होते काय? घोड्याचे पोट आपल्यासारखे नाही. आपल्या पोटात आम्ल सुटते ते मुख्यतः जेवणाच्या वेळी, त्याच्या पोटात दिवसरात्र सुटत राहते, कारण निसर्गाने त्याला दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरायला सांगितले आहे. त्याला दोन वेळा चंदी घालून मधे रिकामे उभे केले की ते आम्ल पोटालाच खाते. तालमीतल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी बहुतेकांच्या पोटात व्रण सापडतात, ते उगाच नाही. पाय सुजतात, आणि जरा चालवले की सूज उतरते, कारण खूर जमिनीवर टेकतो-उचलतो तसे रक्त वर ढकलले जाते. इंग्लंडात पूर्वी ओझ्याच्या घोड्यांना एक रोग व्हायचा, त्याचे नावच 'मंडे मॉर्निंग डिसीज'. रविवारी सुट्टी, पण चंदी मात्र नेहमीएवढीच, आणि सोमवारी जुंपले की स्नायू दगडासारखे ताठर, लघवी काळपट. काही घोडे त्यातून उठायचेच नाहीत.

हे वाचताना मला हसू आले आणि राग पण आला. कारण हे सगळे आपल्याकडे पहिलीतल्या पोराला ठाऊक आहे. अकबर-बिरबलाच्या गोष्टीतला प्रश्न आठवा. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हीला उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. मी हा प्रश्न दर वर्षी वर्गात विचारायचे, आणि सगळ्यात मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा उत्तर ओरडायचा. बिरबलाला जे कळत होते ते महिन्याला हजारो रुपये घेणाऱ्या तबेल्याला कळू नये?

विरुद्ध बाजू मला ठाऊक नाही असे नाही. चिखलात घोडा घसरतो, शिरा ताणल्या जातात, हे खरे. आपल्या भागात अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, सतत ओल्यात उभा राहिला तर खूर सडतात, पाठीवर खपल्या धरतात, हेही खरे. म्हातारा, हडकलेला किंवा अंगावरचे केस कातरलेला घोडा वाऱ्या-पावसात सोडू नये. दोन अनोळखी घोडे एकत्र सोडले तर लाथा बसतात. सगळे मान्य. पण या प्रत्येकाला उत्तर आहे, आणि कायम दार लावणे हे ते उत्तर नव्हे. थोड्या जागेत मुरूम टाकून निचरा होणारा तुकडा करता येतो. एका बाजूने उघडी शेड बांधता येते, घोडा आपला आपण आत-बाहेर करतो. ओळख करून देऊन जोड्या लावता येतात. खर्च येतो, एवढेच. आणि खरी गोष्ट तीच आहे. मैदान खराब होते, नोकर जास्त लागतात, आणि घोड्याला खरचटले तर मालक भांडतात. ही तबेल्याची सोय आहे. सोयीला काळजी म्हणायचे नाही, एवढेच माझे म्हणणे.

याचा दुसरा भागीदार म्हणजे मालक, म्हणजे आपण. आमची भाची लीड्सला असते, तिच्या मुलीचे एक पोनी आहे. तिच्याशी फोनवर बोलले तर म्हणाली, "मावशी, इथेही तेच. नोव्हेंबरात शेत बंद करतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. चिकणमाती तुडवली जाते म्हणून." तिथे २००६ चा प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा आहे, प्राण्याला त्याच्या जातीप्रमाणे वागता आले पाहिजे असे त्यात लिहिलेले आहे, तरीही तेच. मग ती आणि आणखी पाच-सहा जणी एकत्र गेल्या, वर्गणी काढून वाळूचा एक तुकडा करून घेतला आणि पाळ्या लावल्या, रोज प्रत्येकाला दोन तास. पाऊस आडवा येत असला तरी पोनी सोडतात. आधी तीही घाबरायची. पोनी मात्र शेपूट वाऱ्याकडे करून उभे राहते आणि गवत खाते.

आपल्याकडचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मी नातवाकडून काढून घेतला. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. बांधून किंवा कोंडून ठेवलेल्याला पुरेसे फिरवले नाही तरी गुन्हा आहे, पण ते कलम फक्त कुत्र्यासाठी! घोडा त्यात नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले असेल, घोडा म्हटल्यावर तो फिरणारच, ते काय लिहायचे.

२०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मरिन ड्राइव्हच्या डांबरावर उपाशी घोडा आपल्याला दिसत होता ना! गरिबाने केलेला छळ चटकन दिसतो. माथेरानला दस्तुरीवर भिजत उभा असलेला घोडा बघूनही पर्यटक बायका "अगंबाई, बिचारा" म्हणतात. त्याचे ओझे बघा, त्याचे नाल बघा, त्याला विश्रांती किती मिळते ते जरूर विचारा, पण नुसता पाऊस बघून हळहळू नका. चकचकीत अंगाचा, झूल घातलेला, चंदी खाऊन उभा असलेला चांदोबा मात्र कोणालाच बिचारा वाटत नाही.

हे सगळे मी चिरंजिवांना जेवताना ऐकवले. ते म्हणाले, "आई, पाय मोडला तर अडीच लाखांचं काय करायचं?" सूनबाई काही बोलल्या नाहीत. नातीने ताट सरकवले आणि म्हणाली, "बाबा, त्याला दोन वर्षांत एकदाही लोळताना बघितलं नाहीये मी." कोणी काही बोलले नाही. चिरंजीव हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहून ठेवते: लहानपणी तुला दम्याच्या भीतीने मी दोन पावसाळे खेळायला सोडले नव्हते. तू खिडकीचे गज धरून उभा असायचास. ती माझी चूक होती, आणि दमा काही त्याने गेला नाही.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. व्यवस्थापकांशी चिरंजीव स्वतः बोलले, मी गाडीत बसून राहिले, अट तशीच होती. फोटोवाली मंडळी दहाला येतात, त्याच्या आधी सहा ते साडेनऊ मैदान मिळेल, आठवड्यातून तीन दिवस, झाले काही तर जबाबदारी मालकाची, तसे कागदावर लिहून दिले. सही करताना चिरंजिवांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पहिला दिवस उद्याचा. पहाटे पाचला निघायचे आहे. सूनबाईंनी माझा स्वेटर काढून ठेवला आहे.

(शेजारच्या खाचरातला वाडा अजून तिथेच आहे का, तेही बघून येईन आणि लिहीन.)