पिकअपच्या मागे दोन टन लोखंड



कापसाच्या भावाचे गणित या अंकाच्या बाकीच्या पानांवर आहेच. मी या वेळी अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका लोखंडी पिनेबद्दल लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही मागच्या फाल्गुनापर्यंत तो किरकोळच वाटत होता.

ज्वारीचा पेरा आटला तशी गावातली मळणी यंत्रेही आटली. एकच यंत्र आठ-दहा गावे फिरते. हंगाम तीन-चार आठवड्यांचा, आभाळ भरून आले की त्याहून कमी. ट्रॅक्टरने यंत्र हलवायचे तर वीस-पंचवीस किलोमीटरला तास-दीड तास जातो, ट्रॅक्टर तेवढा वेळ अडकतो आणि डिझेल जळते ते वेगळेच. म्हणून कुणीतरी पिकअपच्या मागच्या बंपरला हूक वेल्ड करून घेतला, यंत्र जोडले आणि अर्ध्या तासात पुढचे गाव गाठले. एकाचे पाहून दुसऱ्याने केले. आज हे इतके रुळले आहे की त्यात काही चूक आहे असे म्हणणाराच वेडा ठरतो.

आमच्या घरचेही असेच चालले होते. बालाघाटाच्या एका उतारावर पुतण्या गाडी चालवत होता, मी शेजारी. मागे मोठे मळणी यंत्र. बारदान्याचे गठ्ठे, जॅक आणि सुटे पट्टे आम्ही यंत्राच्या मागच्या टोकाला बांधले होते, कारण तिथे जागा होती. गाडीचा हौदा रिकामा, म्हणजे गाडी हलकी, म्हणजे डिझेल कमी. यंत्राची पिन आदल्या गावी हरवली होती, तिच्या जागी एक बोल्ट घातलेला. उतार लागला तसे यंत्र मागे डावी-उजवीकडे झुलू लागले. पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेक लागतोय, पण गाडी थांबत नाही." मी म्हणालो, "जोरात दाब." कृषी पदवीधराचा सल्ला! त्याने जोरात दाबला, गाडीचा मागचा भाग आडवा झाला, बोल्ट वाकून निसटला आणि यंत्र रस्त्याकडेच्या चरात उलटे पडले. एरवी त्या यंत्रावर दोन मजूर बसलेले असत. त्या दिवशी ते आधीच्या फाट्यावर चहाला उतरले होते आणि मागून मोटारसायकलवर येणार होते. नुसत्या चहावर दोन माणसे वाचली.

यात गाडीचा दोष नव्हता, रस्त्याचा नव्हता आणि पोराचाही नव्हता. आपल्या आजोबांना जे कळत होते ते आम्ही विसरलो होतो. बैलगाडी भरताना म्हातारी माणसे काय पाहत? ओझे मागे गेले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, बैलांचे गळे आवळतात. ओझे फार पुढे आले तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या माना मोडतात. म्हणून गाडी थोडीशी पुढे जड भरायची. दोन चाकांच्या कोणत्याही ओढत्या यंत्राला हाच नियम लागू आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहावा भाग, फार तर सातवा भाग दांडीच्या टोकावर यायला हवा. दीड टनाच्या यंत्राच्या दांडीवर दीडशे किलोच्या आसपास. त्याहून कमी असले, म्हणजे यंत्र उलाळ असले, की ते वेगात शेपटीसारखे झुलते. फार जास्त असले की पिकअपचे मागचे धूड खाली बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. आम्ही बारदाना मागे बांधून यंत्र स्वतःच्या हाताने उलाळ केले होते. बैलाने मान झटकून तरी सांगितले असते, पिकअप सांगत नाही.

हे वजन मोजायला यंत्रशाळा लागत नाही. कापूस मोजायचा काटा सपाट जमिनीवर ठेवा, त्यावर गाडीच्या हुकाइतक्या उंचीचा ठोकळा ठेवा आणि दांडी त्यावर टेकवा. यंत्राची चाके मात्र आधी दगड लावून अडवा.

आता ब्रेकचे बोलू, कारण खरे मरण तिथे आहे. रिकामी पिकअप दीड-पावणेदोन टनांची. मोठे मळणी यंत्र दीड-दोन टनांचे, आणि त्याला स्वतःचा ब्रेक नाही. म्हणजे स्वतःपुरते ब्रेक असलेल्या गाडीने दोन गाड्या थांबवायच्या. वीस फुटांत एक फूट उतरणाऱ्या साध्या उतारावर दोन टनांचे यंत्र गाडीला शंभर किलोच्या जोराने सतत मागून ढकलत असते. शिवाय हौदा रिकामा असला की मागची चाके रस्ता नीट धरत नाहीत. ट्रॅक्टरही फार जड नसतो, मग त्याला कसे जमते असे विचाराल. त्याचे मुख्य उत्तर वेग. पंचवीसच्या जागी पन्नासने गेलात तर थांबवताना जिरवायची शक्ती दुप्पट नाही, चौपट होते. यंत्राची चाके, बेअरिंग आणि जुने टायर हे सगळे ट्रॅक्टरच्या चालीसाठी बसवलेले असते. पन्नासने पळवल्यावर चाकाच्या तुंब्याला हात लावून पाहा, हात ठेववणार नाही.

ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत किंवा ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच ओढता येतो, यांतले जे कमी असेल तेवढाच. तिथले रस्ते आपल्याहून बरे असूनही. म्हणून माझे मत उघड सांगतो: मोठे मळणी यंत्र पिकअपने ओढूच नये. फवारणीची टाकी, लहान उफणणी यंत्र, पाण्याचा पंप या गोष्टी ओढाव्यात, तेही हूक बंपरला नव्हे तर चॅसीला नीट बसवलेला असेल तर. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा शोधा. तो सापडला नाही तर कंपनीने हे काम गृहीत धरलेलेच नाही असे समजा.

माझे सांगून सगळे थांबतील असे मानण्याइतका मी भोळा नाही. हंगामात दिवसाचे भाडे बुडते तेव्हा मत बाजूला राहते. निदान एवढे तरी करा. पिन म्हणजे पिनच, आणि तिच्या टोकाला कुलूपकाडी. सळई, बोल्ट, सब्बलीचा तुकडा चालणार नाही. हुकाच्या जोडीला दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या बांधा, म्हणजे पिन गेली तरी दांडी साखळ्यांवर झेलली जाईल. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. झुलायला लागलेच तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेकवर तुटून पडू नका. मी पुतण्याला जे सांगितले त्याच्या बरोबर उलटे. अंधार पडल्यावर यंत्र हलवू नका. गाडीचे मागचे दिवे यंत्राआड जातात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काळ्या लोखंडाशिवाय काही दिसत नाही. आणि यंत्रावर माणूस बसवायचा नाही, कितीही ओळखीचा असो, कितीही थोडे अंतर असो.

विम्याचा कागद मी त्या अपघातानंतर पहिल्यांदा नीट वाचला. आपल्याकडच्या मालवाहू गाडीच्या ठरीव पॉलिसीत वापराच्या मर्यादांचे कलम असते. ट्रेलर ओढताना गाडी वापरली तर संरक्षण नाही. बंद पडलेले एखादे वाहन मोबदला न घेता ओढून नेणे तेवढे चालते, असा त्याचा अर्थ. आपण तर भाड्याने यंत्र फिरवतो. उद्या कुणी दगावले तर भरपाईचा बोजा थेट सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. आपापली पॉलिसी काढा, ते कलम वाचा, विमा एजंटाकडून लेखी विचारा.

दोष सगळा आपल्या पदरात घ्यायलाही मी तयार नाही. यंत्र विकताना तासाला किती पोती निघतात आणि किती अश्वशक्ती लागते हे पत्रकावर ठळक छापतात. दांडीवर किती वजन येते, किती वेगाने ओढायचे, हे कुठे छापलेले मी तरी पाहिले नाही. पुढची गाडी थांबली की दांडीवर येणाऱ्या दाबानेच मागच्या चाकांना ब्रेक लागतो, अशी साधी रचना परदेशांत वर्षानुवर्षे वापरात आहे. लाखांनी मोजून घेतलेल्या यंत्राला ती का नको? अनुदानाच्या यादीत यंत्र घालताना मागचे लाल दिवे आणि ब्रेक असलेच पाहिजेत, ही अट का नको? हे प्रश्न जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात लेखी द्यावेत, असा ठराव मी मांडणार आहे.

पुढची बैठक बाजार समितीच्या आवारात आहे, तिथे भुईकाटा आहे. ज्यांची यंत्रे भाड्याने फिरतात त्यांनी यंत्र घेऊन यावे, ट्रॅक्टरने आणावे. पिकअपही रिकामी आणावी, दोन्हींचे वजन करू. पिन आहे तशी सोबत आणावी. बोल्ट वापरत असाल तर बोल्ट आणा. आमचा वाकलेला मी आणतो.