पेटीतले हृदय आणि त्याच्या रक्तवाहिन्या

अवयवदानावर बोलायला आम्ही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे जातो तेव्हा कोळीवाड्यातल्या बाया हमखास म्हणतात, "हृदय बर्फात घालून नेतात म्हणे, म्हणजे आमच्या पापलेटासारखंच की!" हसू येते, पण प्रश्न खोटा नाही. बर्फातले पापलेट सडत नाही, तरी ते मेलेलेच असते. हृदय जिवंत न्यायचे असते. म्हणून आधी त्याच्या रक्तवाहिन्यांत थंड द्रावण सोडतात, मग एकात एक पिशव्यांत बंद करून, बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता, पेटीत ठेवतात.

या द्रावणात असते काय? वॉर्डात राबलेल्या प्रत्येक परिचारिकेला पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलची धास्ती असते. ती सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायची. थेट शिरेत गेली तर हृदय थांबते. इथे तेच मुद्दाम घडवून आणतात. आपल्या रक्तात पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. सेंट थॉमस द्रावणात ते १६, तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या द्रावणात तब्बल १२५. थांबलेल्या, थंडगार हृदयाला प्राणवायू फार थोडा लागतो. त्यामुळे चार तास मिळतात, फार तर सहा.

बातमीत येते ते एवढेच, की रस्ता मोकळा केला आणि हृदय पुन्हा धडधडले. केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ सालीच हृदयरोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. दिल्लीच्या एम्समध्ये १९९४ साली यश आले. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय आले, तेव्हा सगळ्या मुंबईने ते टीव्हीवर पाहिले. नंतर त्या हृदयांच्या रक्तवाहिन्यांचे काय होते, हे कुणी विचारत नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते, मग वाहिनी सैलावते. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. जास्तीचे पोटॅशियम, लांबलेली थंडी आणि रक्त पुन्हा सुरू होतानाचा धक्का, तिन्हींचा मार या नाजूक अस्तराला बसतो. जास्त पोटॅशियमच्या द्रावणात ठेवलेल्या वाहिन्या नंतर नीट सैलावत नाहीत, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे स्नायू वाचला, पण नळी आखडली. पुढे काही वर्षांत अशा वाहिन्या लांबवर अरुंद होतात; एकाच जागी गाठ नसल्याने स्टेंटचाही फारसा उपयोग होत नाही. यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा हात मोठा आहेच, पण पेटीतल्या तासांचाही वाटा आहे. त्यात रोपण करताना हृदयाचे मज्जातंतू तुटतात, म्हणून छातीत कळ येईलच असे नाही. "मला काही होत नाही, मग अँजिओग्राफी कशाला?" असे म्हणत खर्चापायी माणूस तपासणी टाळतो. आमच्या वस्त्यांत तर टाळणारच.

मुंबई-गोवा महामार्गावर डोक्याला मार लागलेली तरुण मुले आम्ही पाहिली आहेत. मेंदू मृत झाल्याचे चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवायचे, असा कायदा आहे. त्या सहा तासांत आईबापाला निर्णय घ्यावा लागतो. त्यांनी एवढे मोठे मन केल्यावर पुढच्या माणसांनी हृदयाची नीट काळजी घ्यायला नको का? द्रावण कोणते वापरले, पेटीत किती तास गेले, हे रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावे आणि वर्षाची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट व्हावी, अशी आमची मागणी आहे.

विहारातल्या शिबिरात एका आईने विचारले, "लेकराचं हृदय दिलं, तर ते किती वेळ पेटीत होतं हे मला कुणी सांगेल का?" दाता आणि रुग्ण यांची नावे गुप्त राहतात, ते योग्यच. पण तासांचा आकडा सांगायला अडचण काय, याचे उत्तर आम्हाला तिला देता आले नाही.