सुरत सुटलेल्या पोरापोरींसाठी

उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा. या वस्त्यांतली बरीच मराठी पोरंपोरी बारावीनंतर पुण्या-मुंबईला, नाशिकला शिकायला येतात आणि पहिले काही महिने मनाने सुरतेतच राहतात. हे त्यांच्यासाठी आहे, आणि थोडं त्यांच्या आईवडिलांसाठी.

आठवण येते याची लाज बाळगू नका. खोलीतला कुणीतरी म्हणणारच, ‘सुरत म्हणजे साड्या आणि हिरे, त्यात रडण्यासारखं काय?’ वाफाळत्या लोचोवर तेल, शेव, कांदा घालून घेऊन गाडीपाशी उभ्याने खाणं त्याने कधी अनुभवलेलं नसतं. थंडीतला पोंकही त्याला ठाऊक नसतो. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण, असं गुजरातीत म्हणतात. मेसच्या पातळ वरणापुढे बसलं की त्यातला पहिला अर्धा भाग चांगलाच पटतो.

त्यातून तुमची एक जादा अडचण. सुरतेत तुम्ही ‘मराठी’ आणि पुण्यात ‘गुजरातवाले’. बोलताना अहिराणी डोकावते, मधेच एखादा गुजराती शब्द येतो, वर्गात कुणी हसतं. हसू द्या. तीन-तीन भाषा येणाऱ्याने मान खाली घालायचं काही कारण नाही.

हे दुःख तुमच्या घराला नवं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आबा धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या खेड्यातून तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आले, लूमवर किंवा डाईंग मिलमध्ये लागले. हातात फोन नव्हता. पहिले दिवस कसे काढले, ते त्यांना नीट बसून विचारा. आजीलाही विचारा, ती तर लग्न होऊन थेट त्या चाळीतल्या खोलीत आली असेल. उत्तरं साधारण सारखी मिळतील. आधी गावाकडचा माणूस शोधला, त्याच्याकडे पथारी टाकली. बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. आखाजीला गावी जायचं हे ठरलेलं, एरवी उठून पळायचं नाही. आणि पुढे गावाची वाट बघणं सोडून कानबाईच सुरतेत बसवली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आजही तिथे खानदेशी घरांत रोट होतात. पण हे सगळं करताना ते आपल्याच घोळक्यात कोंडून राहिले नाहीत. गुजराती शिकले, शेजारच्या मागावरच्या ओडिशाच्या कारागिराबरोबर चहा प्यायले.

तुम्हीही तेच करा. सुरतेची चार पोरं जरूर शोधा, पण जेवायला रोज त्यांच्याचबरोबर बसू नका. आणि घरी जाण्याची तारीख आधी ठरवून टाका. रात्रीची ट्रॅव्हल्स धरली की सकाळी सुरत, ही सोय घातक आहे. सुरुवातीच्या शनिवार-रविवारीच वसतिगृहात ओळखी होतात, कोण कुणाबरोबर गड चढायला जाणार ते ठरतं. तुम्ही तेव्हा घरी असलात, तर सोमवारी पुन्हा परके. त्यापेक्षा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा चंदनी पडवा धरा, नाहीतर उत्तरायण. घारी-भुसू खायला किंवा पतंग उडवायला जायचंय, हे कॅलेंडरवर दिसत असलं की मधले आठवडे निघतात.

उलट्या दिशेने गेलेला एक माणूसही ध्यानात ठेवा. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर मुंबईचे. नोकरीसाठी सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले आणि 1844 मध्ये तिथल्या दुर्गाराम मेहताजींसारख्या मंडळींबरोबर मानवधर्म सभा काढून बसले. परक्या गावात त्यांचे सोबती जमले ते कामातून. तुम्हाला सभा काढायची गरज नाही. नाटकाचा ग्रुप, क्रिकेट, ग्रंथालय, एनएसएस, काहीही चालेल.

एक गोष्ट मात्र वेगळी. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गात जाणं बंद झालं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर ती नुसती घरची आठवण नव्हे. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना गाठा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 वर दिवसरात्र, मोफत. मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही.

आता आईवडिलांना. पोरगी फोनवर रडली की ‘मग ये परत’ असं पहिल्या झटक्यात म्हणू नका, आणि ‘एवढ्यासाठी रडतेस?’ असंही नको. नुसतं ऐका. दिवसभर व्हिडिओ कॉल करून गल्लीतला गणपती दाखवत बसू नका; रात्रीची एक वेळ ठरवा. खाऊ पाठवाल तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा पाठवा. नानखटाई टिकते, घारी दोन-चार दिवसांत संपवावी लागते. लोचो पाठवायच्या भानगडीत पडू नका.